पाळण्याची थाप

डॉक्टर वेनिएरिसच्या टकलावर क्लॅरिनेट हाणायचं राहून गेलं, ही चुटपुट मला अजून लागून आहे. लाकूड जुनं आणि टक्कल टणक, म्हणून त्या दिवशी हात आवरला. आज लिहायला बसलोय, तर आवरायचं काही कारण नाही.

मी स्तेर्गिओस, ग्रीसमधल्या यानिना शहराच्या वरच्या डोंगरातला क्लॅरिनेटवाला. चौपन्न वर्षं लग्नं वाजवली, जत्रा वाजवल्या, मयतं वाजवली, आणि तितकीच वर्षं थापा मारल्या. एका लग्नात अस्वल आलं, अंगणाच्या कडेला बसून दोन गाणी ऐकली आणि जाताना नवरीला आहेर म्हणून मधाचं पोळं ठेवून गेलं. एका जानेवारीत मी इतका लांब सूर धरला, की छपरावरचं बर्फ वितळून खाली जेवायला बसलेला पाद्री नखशिखांत भिजला. माझं वाजवणं ऐकून वांझ खेचराला शिंगरू झालं. हे सगळं गावाला तोंडपाठ आहे. त्यात कुणाचं काही गेलं नाही. अस्वलानंही कधी तक्रार केली नाही.

एक थाप मात्र वेगळी निघाली. 'स्तेर्गिओसनं ज्या लग्नात वाजवलं, त्या घरी वर्षाच्या आत पाळणा हलतो.' पलीकडच्या खोऱ्यात झिसिस नावाचा क्लॅरिनेटवाला होता. तो माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय, तो मेल्यावर. त्याच्याकडची लग्नं माझ्याकडे वळवायला काहीतरी हवं होतं, म्हणून ही थाप सोडली. ती चालली. चालली कसली, धावली. डोंगर उतरून यानिनात आली आणि तळ्याकाठच्या त्या दवाखान्यात शिरली.

डॉक्टर अथेन्सचा. ज्यांना मूल होत नाही, त्यांच्यावर तो उपचार करतो. आधी इंजेक्शनांवर इंजेक्शनं, मग बाईची बीजं काढायची, काचेत फळवायची, आणि खसखशीच्या दाण्याहून लहान असा तो गर्भ परत पोटात ठेवायचा. ठेवायच्या दिवशी बायका इतक्या ताणलेल्या असतात, की बोट लावलं तर सूर निघेल. तेव्हा डॉक्टरच्या मनात आलं, की समोर बसून कुणी वाजवलं तर यांचा जीव जरा थाऱ्यावर येईल. कल्पना वाईट नव्हती. प्रेवेझाची एक पोरगी माझ्यासमोर खुर्चीतच झोपली. आठ दिवसांत पहिल्यांदा डोळा लागला, म्हणाली. ती झोपेत असताना अर्धा तास मी एकच सूर फिरवत राहिलो. कॉफीचं पाणी झालं तरी थांबलो नाही. ही थाप नाही.

पण एवढ्यावर समाधान मानेल तो डॉक्टर कसला! त्याच्या कानावर माझी ख्याती गेली होती. दाराशी त्यानं माणसाएवढं पोस्टर लावलं. वर माझा टोपीसकट फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'ताण गेला, पाळणा हलला.' मी रोज त्या पोस्टरखालून मिशीला पीळ देत आत जायचो. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, म्हणून तर डोकं तापतं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. "बारबा," डॉक्टर म्हणाला. इकडे म्हाताऱ्या माणसाला सगळे बारबाच म्हणतात. "काहीतरी संथ वाजवा. अगदी संथ."

मला येणारं सगळ्यांत संथ म्हणजे मिरोलोई. आमच्या डोंगरात कुणी गेलं की मिरोलोई वाजतं. पण लग्नातही, जत्रेतही, पहिलं तेच वाजतं. आधी गेलेल्यांसाठी रडून घ्यायचं आणि मग नाचायला उठायचं. त्याशिवाय पाय उचलतच नाहीत. मी आपलं डोळे मिटून मिरोलोई धरलं. अथेन्सचा डॉक्टर डोलायला लागला. "वा, वा! काय शांती!" आणि खुर्च्यांवरच्या आमच्या डोंगरातल्या बायका पांढऱ्याफटक. फरशी पुसणाऱ्या बाईनं फडकं टाकलं, छातीवर क्रूस काढला आणि घाबरून विचारलं, "अगं, आत गेलं तरी कोण?"

नर्स पोलिक्सेनी आमच्याच बाजूची. तिनं डॉक्टरला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, की हे मयताचं आहे. डॉक्टरचं टक्कल लाल झालं. त्या दिवसापासून दवाखान्यात मिरोलोई बंद. फक्त आनंदी वाजवायचं.

आनंदाची तो मोजदादही करायचा. प्रत्येक बाईला एक कागद मिळायचा, त्यावर पाच तोंडं काढलेली, पहिलं रडकं आणि पाचवं हसरं. वाजवण्याआधी एका तोंडावर खूण करायची, वाजवल्यानंतर परत. सगळ्या बायका दोन्ही वेळा हसऱ्यावर खूण करायच्या. मला वाटायचं, काय माझं वाजवणं! पोलिक्सेनीनं एकदा मला झापलं. "बारबा, हवेत जाऊ नका. रडक्यावर खूण केली तर डॉक्टर म्हणतो, तुम्हीच ताण घेता, मग गर्भ कसा टिकणार? म्हणून घाबरून हसऱ्यावर करतात."

मी ऐकलं आणि दुसरं बिस्किट उचललं. असा मी.

मग एका सोमवारी एव्हान्थिया आली. चाळिशी ओलांडलेली, उंच, केस करकचून बांधलेले. तिनं रडक्या तोंडावर अशी खूण केली, की कागद फाटून पेन खालच्या पुठ्ठ्यात घुसलं.

"अशानं कसं व्हायचं, बाई?" डॉक्टर मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाला. "शरीर सगळं ऐकत असतं. तुम्ही अशा ताठरलात की आतलं दार बंद होतं. मागच्या दोन्ही वेळी तेच झालं असणार. जरा मोकळ्या व्हा. बारबांचं ऐका."

"यांचं अकरा वर्षं ऐकतेय मी," ती म्हणाली.

मी खूश. "अस्सं? कुठं ऐकलंस गं पोरी?"

"माझ्या लग्नात."

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी क्लॅरिनेट पुसत बाहेरच्या पायऱ्यांवर सटकलो. ती मागोमाग आली.

"ओळखलं नाहीत ना?"

"पोरी, मी हजार लग्नं वाजवली..."

"मी एकच केलं, म्हणून मला आठवतं. जेवणं झाल्यावर तुम्ही त्सिपुरो दारूचा पेला घेऊन खुर्चीवर चढलात. म्हणालात, ही नवरी पुढच्या वर्षी कडेवर पोर घेऊन मला दारात भेटेल, नाही भेटली तर मी क्लॅरिनेट तळ्यात फेकीन. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी पण पिटल्या. फेकलंत?"

मी तळ्याकडे बघितलं. तळं जागच्या जागी होतं.

"सासू काय म्हणते ठाऊक आहे? स्तेर्गिओसच्या क्लॅरिनेटनं खेचराला शिंगरू झालं आणि हिला काही नाही, म्हणजे खोट कुणात आहे ते कळलंच. खेचराची गोष्ट तुमचीच ना?"

"माझीच."

"छान आहे. आमच्या घरी दर रविवारी जेवताना होते."

"अगं, मी कुणाचं वाईट चिंतलं होतं का? लोकांना जरा आशा..."

"आशा तुम्ही वाटलीत, बारबा. टोमणे मी खाल्ले." ती माझ्या वरच्या पायरीवर उभी होती, आणि मला मान वर करून ऐकावं लागत होतं. "माझे दोन गेले. एक अकराव्या आठवड्यात, एक नवव्या. पाद्री म्हणाला, नाव नाही, बाप्तिस्मा नाही, मी कसली प्रार्थना वाचू? सासू म्हणाली, असतंच काय ते, रक्ताची गाठ. हा आतला डॉक्टर म्हणतो, मागचं विसरा आणि हसा. गावातला चिनार वीज पडून मेला तेव्हा तुम्ही त्या झाडासाठी मिरोलोई वाजवलंत. झाडासाठी! माझ्या दोघांसाठी कुणी फुंकरसुद्धा मारली नाही."

मी क्लॅरिनेटच्या कळा उगाच दाबत राहिलो.

"गुरुवारी तिसरा ठेवतात. शेवटचा. यानंतर मी हे करणार नाही. त्या दिवशी मला दोन गोष्टी हव्यात. ती थाप होती हे स्वतःच्या तोंडानं सांगा. आणि माझ्या दोघांसाठी मिरोलोई वाजवा. रडायचं राहिलेलं पोटात घेऊन मी त्या टेबलावर झोपणार नाही."

"तुला आत्ताच सांगतो की. थाप होती. झालं?"

"मला नाही. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर कशाला?"

"मारली सगळ्यांसमोर होती."

"हवं तर हे क्लॅरिनेट तळ्यात टाकतो!"

"तळ्यानं तुमचं काय बिघडवलंय? तोंड उघडा म्हणतेय मी." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन दिवस मी घरात भांडी आपटत होतो. कोण ही? माझ्या थापांना डोंगर हसतो, आणि ही मला गुरुवारी पायपुसणं करणार? डॉक्टरला शिव्या घातल्या, तिच्या सासूला घातल्या, मेलेल्या झिसिसलाही सोडलं नाही. घरात ऐकायला कुणी नव्हतं. माझी कल्लिरोई जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ आम्हाला झालं नाही.

हो, नाही झालं. लोक मुद्दाम विचारायचे, "स्तेर्गिओस, जगाचे पाळणे हलवतोस, तुझा का नाही हलला?" माझं उत्तर तयार असायचं. "स्वतःच्या लग्नात नवरा वाजवतो होय? माझ्या लग्नात झिसिस वाजवत होता, मग दुसरं काय होणार!" हशा पिकायचा. कल्लिरोई पण हसायची आणि चीजची पाई कापायला उठायची. दर वेळी पाई कापायलाच का उठते, हे मी कधी विचारलं नाही.

बुधवारी दुपारी मी पाई कापत होतो, शेजारणीनं दिलेली. सुरी हातातच राहिली. राग होता तेवढाच होता, पण त्याचं तोंड दुसरीकडे वळलं होतं.

गुरुवारी सकाळी खोली गच्च भरलेली. दहा-बारा बायका, भिंतीला टेकलेले नवरे, आणि डॉक्टरनं नव्या पोस्टरसाठी बोलावलेला फोटोवाला. एव्हान्थिया मधल्या खुर्चीत. एका बाजूला तिचा नवरा अपोस्तोलिस, गरीब गाय, हातातली चावी फिरवत होता. दुसऱ्या बाजूला सासू देस्पो, मठातल्या तेलाची बाटली छातीशी धरून. म्हातारी माझ्याच वयाची, आमच्याच गावात वाढलेली.

"बारबा, आज काहीतरी उडतं होऊ द्या," डॉक्टर म्हणाला. "फोटो काढायचेत."

मी उभा राहिलो. अंगवळणी पडलेली गोष्ट सुटत नाही. "एकदा एक अस्वल..." एवढं तोंडातून गेलंच. मग एव्हान्थियाचे डोळे दिसले. मी गिळलं आणि म्हणालो, "बायांनो, दारावर लिहिलंय ती थाप आहे. माझ्या वाजवण्यानं कुणाचा पाळणा हललेला नाही. ही मीच उठवलेली अफवा आहे."

खोलीभर हशा. एकजण डोळे पुसत म्हणाला, "बारबा, तुमची ही थाप नवीन आहे हां!" डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या. "बघा, विनोदानंही ताण जातो!" फोटोवाल्यानं एक फोटो काढला.

चौपन्न वर्षं खोटं बोललो, लोकांनी डोक्यावर घेतलं. एकदा खरं बोललो, तर पोट धरधरून हसले. असा संताप मला जन्मात आला नव्हता, आणि तो काढायला माझ्याखेरीज कुणी नव्हतं.

"बारबा, लवकर उरका," एव्हान्थिया दातांवर दात दाबून म्हणाली. गर्भ ठेवताना मूत्राशय भरलेलं लागतं. "दीड लिटर पाणी प्यायलेय मी. तुमची प्रस्तावना किती लांबते ते मला माहीत आहे."

"हसू नका!" मी ओरडलो. क्लॅरिनेट खुर्चीच्या पाठीवर आपटलं. "मी कल्लिरोईचा नवरा. माझ्या लग्नात झिसिसनं वाजवलं म्हणून आम्हाला मूल नाही, असं मी जगाला सांगत आलो. ते खोटं आहे. शेवटच्या नाचाला मी झिसिसच्या हातातून क्लॅरिनेट ओढून घेतलं आणि माझ्या बायकोसाठी स्वतः वाजवलं. घाम निथळेपर्यंत वाजवलं. आणि तरी झालं नाही. एकदा नाही, कधीच नाही. दोष तिचा की माझा, ते तपासायलाही मी गेलो नाही. विनोद केला. ती हसत राहिली आणि मी तिला हसू दिलं. माझ्या क्लॅरिनेटनं काही होत असतं, तर आधी तिला झालं असतं."

कुणी हसलं नाही. पण एका कोपऱ्यातून आवाज आला, "खरं की काय? की ही पण...?"

तेव्हा देस्पो बोलली. बाटलीकडेच बघत.

"वाजवलं होतं मेल्यानं. मी नाचले होते त्यावर. चप्पल तुटली होती माझी."

मग ती सुनेकडे वळली. हळूच म्हणाली, "कितव्या आठवड्यात म्हणाली होतीस गं?"

"एक अकराव्या," एव्हान्थिया म्हणाली. "एक नवव्या. आई, मी तेव्हाही सांगितलं होतं."

मी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि मिरोलोई सुरू केलं.

पहिल्याच सुराला डॉक्टरनं ओळखलं. एवढं तरी शिकला होता. "बंद करा! इथं? आज? यांचा ताण वाढेल!" त्यानं हात पुढे केला आणि क्लॅरिनेट धरलं. सूर चिरकला.

"डॉक्टर, हात काढा," पोलिक्सेनी म्हणाली. हळू, पण असं, की त्यानं काढला.

मी कसं वाजवलं ते मला सांगता येणार नाही, आणि सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. झिसिसनं माझ्यापेक्षा चांगलं वाजवलं असतं. पण खोलीतल्या बायका रडल्या. रुमाल तोंडाला लावून नाही. हुंदके देऊन, आमच्या अंगणात रडतात तशा. एक म्हणाली, "माझा मार्चमध्ये गेला." दुसरी म्हणाली, "माझी मुलगी होती." कुणी कुणाला गप्प केलं नाही. अपोस्तोलिसच्या हातातली चावी खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. एव्हान्थिया रडत नव्हती आधी. मुठी आवळून बसली होती. मग रडली, आणि रडताना रागानं खुर्चीचा हात बडवत होती. देस्पोनं बाटली बाजूला ठेवून तिची ती मूठ हातात घेतली. एव्हान्थियानं सोडवून घेतली. घेणारच. एका मिरोलोईनं अकरा वर्षं पुसली जात नाहीत.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, चेहरा पुसला, दारापाशी जाऊन वळली.

"आता नाचायचं वाजवा. उरकून घेतलंय ना रडून?"

मी नाचायचं धरलं. फरशी पुसणाऱ्या बाईनं पहिला पाय टाकला. बाकीच्या बसूनच ताल धरत होत्या. पाणी प्यायलेल्या बायकांना उड्या मारवत नाहीत.

डॉक्टर आत गेला तो लालबुंद होऊन, आणि अर्ध्या तासानं बाहेर आला तो खुशीत. पोलिक्सेनीनं नाडी मोजली होती. रोज उधळलेल्या घोड्यासारखी पळणारी एव्हान्थियाची नाडी आज चालीवर आलेली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बारबा, झालं गेलं विसरू. ते रडगाणं काय जालीम आहे हो! रोज वाजवाल? नवं पोस्टर करू. 'रडा, आणि पाळणा हलवा.'"

हीच ती वेळ. हेच ते टक्कल. आणि मी हात आवरला.

बाहेर जाऊन माझं ते माणसाएवढं पोस्टर मात्र फाडलं, मिशीपासून सुरुवात करून. शेवटचा तुकडा निघेपर्यंत एव्हान्थिया पायऱ्या उतरून आली, सावकाश, एक हात पोटावर. तिनं मला तिचा कागद दिला. पाच तोंडांपैकी एकावरही खूण नव्हती. शेजारी तिनं पेननं सहावं काढलं होतं. दात विचकलेलं, भुवया वर, चक्क भांडायला आलेलं.

"हे तोंड काढायचं राहिलं होतं त्यांचं," ती म्हणाली. "आणि एक सांगून ठेवते, बारबा. हा टिकला तर तुमच्यामुळे नाही. नाही टिकला तरी तुमच्यामुळे नाही. माझ्या ताणामुळे तर नाहीच नाही. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं."

"एवढंच सांगीन."

"शपथ घ्या."

"माझ्या शपथेला काय किंमत आहे गं?"

ती पहिल्यांदा हसली. "म्हणूनच घ्या. यापुढे तरी येऊ दे."

या गोष्टीला आता पुष्कळ दिवस झाले. डॉक्टरनं एक व्हायोलिनवाला ठेवलाय. गावात मला रोज कुणी ना कुणी अडवतं. कॉफीच्या टेबलावर, चर्चच्या दारात, पावाच्या दुकानात. "बारबा, त्या एव्हान्थियाचं पुढं काय झालं? राहिलं का?" डोळे चमकत असतात मेल्यांचे. हो म्हटलं तर म्हणतील, बघा, शेवटी क्लॅरिनेटच! नाही म्हटलं तर म्हणतील, मयताचं वाजवल्यावर दुसरं काय होणार! एक बोलायचा अवकाश, की नवी थाप पायावर उभी राहून धावायला लागेल आणि परत तिच्याच दारात जाऊन बसेल.

मला माहीत आहे काय झालं ते. तिनं स्वतः येऊन सांगितलं.

अस्वलाचं विचारा, सांगतो. पाद्री कसा भिजला, खेचराचं शिंगरू कुठल्या रंगाचं होतं, तेही सांगतो. हे सांगणार नाही. आणि परत विचारलंत, तर हे क्लॅरिनेट अजून माझ्या हातात आहे, आणि टकलं काही अथेन्सच्याच माणसांना असतात असं नाही.